खडेबाबांचा डावा गाल

इस्पितळासमोरच्या बंद गोदामात माणसांचा नुसता पूर लोटला होता. आत खडेबाबा मूतखडे काढत होते. ना सुरी, ना टाके! रोग्याच्या पोटावर फडकं टाकायचं, त्याला तोंड लावून जोरात चोखायचं आणि ताटात थुंकायचं. टण्ण! खडा बाहेर.

"बाबांनी तुमचं दुखणं स्वतःच्या मुखी घेतलं!" चेला ओरडे. "घेतलं की नाही?"

"घेतलं!" गोदाम दणाणून जाई.

समोरच्या खिडकीत आमची ही उभी. ही म्हणजे माझी बायको, त्या इस्पितळाची प्रमुख डॉक्टर. ती रुजू झाली तेव्हा बाळंतिणींना धड पलंगही नव्हते. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तिने बाळंतपणाचा विभाग उभा केला. साथ आली तेव्हा महिनोन्महिने वॉर्डातच मुक्काम ठोकला. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि तेच आता तिच्या दारावरून बाबाकडे धावत होतं.

"माझ्याकडे येतात ते कुरकुरत," ती म्हणाली. "औषध कडू, रांग मोठी, बाई खेकसतात! आणि त्याच्याकडे बघा, कसे डोळे भरून बघतायत."

"हेवा वाटतोय तुला?"

"वाटतोय. आग आग होते नुसती."

त्याच दुपारी एका बसचालकाला त्याच्या बहिणीने धरून आणलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हा वॉर्डातून पळून बाबाकडे गेला होता. आता अंग तापाने फणफणलेलं आणि मुठीत बाबाने 'काढलेला' खडा. हिने तातडीने एक्स-रे काढायला लावला. मूतखडा होता तिथेच, लघवीची वाट अडवून बसलेला!

त्याला सर्जनच्या हवाली करून ही तडक गोदामाकडे निघाली. मागोमाग मी, आणि ती बहीणही.

खुद्द डॉक्टरीणबाई आलेल्या पाहून चेल्याला स्वर्ग दोन बोटं उरला. "या बाई, निजा! शेवटी इथेच यावं लागलं ना?"

"निजते. पण बाबांना आधी चूळ भरू द्या." तिने पाण्याचा पेला पुढे केला.

बाबांनी ओठ घट्ट मिटून पेला हातानेच दूर सारला.

"बोलत का नाहीत? आणि डावा गाल कशाने सुजलाय? आ करा बघू."

बाबांनी जोरजोरात मान हलवली, घाईने काहीतरी गिळायला गेले आणि घशात अडकलं. चेहरा जांभळा पडला. चेला मंत्र पुटपुटू लागला. त्याला बाजूला ढकलून हिने बाबांना कमरेत वाकवलं आणि पाठीवर सणसणीत थापा हाणल्या. ताटात एक खडा पडला, पाठोपाठ गालात दडवलेले आणखी दोन.

बसचालकाच्या बहिणीने एक उचलून बघितला. "अगं बाई, ही तर बांधकामाची खडी!"

लोकांनी बाह्या सरसावल्या. ही आडवी उभी राहिली. "हात लावायचा नाही! त्याला श्वास घेऊ द्या. पोलीस बघतील पुढचं."

बहिणीचे डोळे भरून आले होते. "बाई, खरी जादू तुमच्याच हातात आहे."

हिचा चेहरा क्षणभर उजळला. कितीतरी वर्षं हेच ऐकायला आसुसली होती ती. मग तिने मान हलवली.

"जादू कसली? तुझ्या भावाचा खडा मला एक्स-रेत दिसला, म्हणून कळलं. उद्या मीही चुकू शकते, म्हणून मलाही विचार, 'बाई, दाखवा कुठंय खडा.' दाखवता आलं नाही, तर माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. आणि घशात अडकल्यावर पाठीवर थापा मारणं कुणालाही जमतं. या पुढे, शिकवते."

गर्दी जागची हलेना. मग बहीणच पुढे झाली आणि तिने पदर खोचला.