नाक्याचा दांडा आणि न्योकाबीची सही

थांबा! ...घाबरू नका, सवयीने ओरडलो. तुमच्याकडून काही घेणार नाही. मी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, हद्दीवरच्या जकात नाक्याचा आडवा दांडा. अडवणं एवढंच मला येतं.

जन्माने मी निलगिरीचं झाड, बटाट्याच्या शेतांच्या बांधावर वाढलेलं. काउंटीला स्वतःचा कारभार मिळाला, स्वतःचं उत्पन्न हवंसं झालं, तेव्हा मला तोडून, तांबडे-पांढरे पट्टे मारून इथे आणलं. एका टोकाला दगडांचं पोतं, दुसऱ्या टोकाला दोर. दोर वसुलीवाल्या गाथोगोच्या हातात. बटाट्याच्या एका पोत्याला पन्नास शिलिंग. पावती फाडली की मी वर.

नैरोबीला जाणारे ट्रक रांगेत थांबायचे आणि ड्रायव्हर शेजारच्या न्योकाबीच्या टपरीत चहा आणि मंदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, हाणायचे. मी अडवत होतो म्हणून तिची चूल पेटत होती, पोरीची फी जात होती. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मग काउंटीला मोठी स्वप्नं पडली. बटाट्यासाठी शीतगृह बांधायचं, भाग पुढे आणायचा. पैसा कुठून? माझ्याकडून. पोत्याला पन्नासाचे दीडशे. पण लोकांना विचारल्याशिवाय दर वाढवता येत नाही, म्हणून चर्चच्या अंगणात सभा भरली. आमच्याकडे सभेला गेलं की हजेरीच्या कागदावर सही करायची आणि पाव-सोडा घ्यायचा, हा रिवाजच आहे. न्योकाबी सगळ्यांच्या पुढे. सही ठोकली, बाटली घेतली आणि टपरी उघडी टाकलीय म्हणून भाषणांच्या आधीच परतली.

पुढच्या महिन्यात दर वाढला. व्यापारी काय खुळे आहेत? ते शेजारच्या काउंटीतला माल घेऊन तिकडच्याच रस्त्याने जाऊ लागले. आमच्याकडचे बटाटे शेतात कुजले. वसुली पूर्वीच्या निम्मीही होईना आणि शीतगृहाच्या जागेवर गवत वाढलं. काउंटीचं तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

न्योकाबी कचेरीत भांडायला गेली आणि रडकुंडीला येऊन परतली.

"गाथोगो, कागद काढून दाखवला रे त्यांनी. म्हणे दरवाढीला लोकांची मान्यता. आणि पहिली सही माझी!"

"अगं मावशी, ती तर हजेरीची ना?"

"हजेरीचीच रे मेल्या! तीच जोडलीय मान्यता म्हणून. एका सोड्यापायी स्वतःच्या पोटावर पाय दिला मी."

दुसऱ्या सभेला ती शहाणी होऊन गेली. सोडा नाकारला, सही नाकारली, आणि दर उतरवा म्हणून उभ्याने भांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभेच्या अहवालात मात्र तिचं एक अक्षर नाही.

ती जाब विचारायला गेली तर कचेरीतला कारकून म्हणाला, "मावशी, हजेरीत तुमची सही कुठाय? म्हणजे तुम्ही आलाच नव्हता."

काल तिने टपरी मोडली. पत्रे, किटली आणि परसातल्या बटाट्याची चार पोती गाढवाच्या गाडीवर घातली आणि निघाली पलीकडच्या काउंटीत. ट्रक आता तिकडे थांबतात. गाथोगो दोर धरून उभा. सात वर्षं तिच्या हातचा चहा प्यायलेला माणूस, मान काही वर होईना.

"मावशी... चार पोत्यांचे सहाशे."

"घे बाबा. सही कुठे करू?"

"सही नाही लागत."

"बरं झालं," ती म्हणाली आणि गाढवाला हाकललं.

मी वर झालो. दिवसभरात माझ्याखालून गेलेली ती एकच गाडी. लाज वाटली हो मला. मला उपटून टाका असं मी म्हणत नाही. पन्नास शिलिंगांवर मी सगळ्यांनाच परवडत होतो. मला पुन्हा पन्नासावर आणा, आणि लवकर आणा. पलीकडे तिची चूल एकदा पेटली, की ती परत कशाला येईल?