कळीला बांधलेला दोरा

नांदेडजवळच्या सरकारी मळ्यात कापूस कळीला आला की रुक्मिणबाई सांजच्याला कळ्यांची तोंडं दोऱ्यानं बांधायची. परक्या फुलाची धूळ आत जाऊ नये, पिवळ्या फुलाचं पिवळंच राहावं म्हणून.

तरी यंदा पिवळ्याच्या बियांतून मधूनच पांढऱ्या फुलांची झाडं निघाली.

"मिलावट झाली, सायेब!" ती घाबरली. "पर गेल्या साली दोरे तर म्याच बांधले व्हते."

मळ्याचे साहेब अमृतराव हसले. "मिलावट नाही, रुक्मिणबाई. ह्यांची आजी पांढरी होती. आईत लपून राहिली, नातीत निघाली. मात्र आई-बाप दोघांतही लपलेलं असावं लागतं."

रुक्मिणबाईच्या हातातला दोरा थांबला.

घरी सून गोदावरी तान्ह्या लेकीसंगं गोठ्याच्या सपरात होती. सोयर कधीच फिटलं होतं. पण पोरीचे डोळे घारे निघाले, अन् रुक्मिणबाईनं सुनेला घरात घेतलंच नाही. भाकर दुरून सरकवायची. "आमच्यात असले डोळे कुनाचेच न्हाईत." लेक सटवाजी खाली बघून म्हणाला होता, "आई म्हनंल तसं." उद्या गोदावरीचा बाप तिला कायमची किनवटला न्यायला येणार होता.

कुनाचेच न्हाईत?

रुक्मिणबाईची आई घारी होती. "मांजरीची लेक आली गं!" पोरी चिडवायच्या. सासरी येताना रुक्मिणबाईनं ते झाकलं. झाकता झाकता तिचं तिलाच दिसेनासं झालं.

"म्हंजी ही पांढरी घरचीच की, सायेब?"

"हो."

"मंग ऱ्हाऊ द्यायची?"

"नाही, उपटा. बियाणं एकजात पाहिजे. वरून हुकूम आहे."

घरचीच, अन् उपटायची. तिला काही उमगेना. एक झाड उपटलं, दुसऱ्यापाशी हात अडला.

ती घरी आली तेव्हा सपरातून गोदावरीचा बारीक आवाज येत होता,

"डोळ्यांतलं तुझ्या पानी, कोन्या डोहातून आलं,
तुझी माय येडी बाई, तिला कुनी न्हाई सांगितलं..."

रुक्मिणबाई दारात उभी राहिली. दोरा अजून मुठीतच होता. बाहेरचं आत येऊ नये म्हणून बांधतात, की आतलं कुणाला दिसू नये म्हणून?

सुनेचं बोचकं बांधून तयार होतं. रुक्मिणबाईनं ते उचललं.

"आत चल. चुलीपाशी ऊब हाय."

गोदावरी बघतच राहिली. "पर आत्याबाई, तुमीच तर... का वो?"

"मला बी नीट न्हाई कळलं," रुक्मिणबाई म्हणाली. "आन ती मांजरी हिकडं."