भोंग्याची ओळख

भोंग्या हे नाव हेमराजनं ठेवलं होतं. लेकीनं, मयुरीनं, कॉलेजात असताना हट्टानं आणलेलं ते गिनीपिग दिसायला ओंजळभर; पण सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्या जुडीचा वास आला की शिट्टी मारल्यासारखं असं काही ओरडायचं, की हेमराजला आपल्या बापाच्या गिरणीचा भोंगा आठवायचा. पुढे मयुरी नोकरीसाठी पुण्याला गेली, पिंजरा मागे राहिला, आणि नंदनवन वस्तीतल्या त्या घरात भोंग्या हेमराजच्या बायकोचा, देवकीचा झाला. हेमराज इतवारीतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानी निघून गेला की देवकी शिलाई मशीनवर बसायची, ओळखीच्या बायकांचे ब्लाऊज शिवायची, आणि मशीनशेजारच्या पिंजऱ्यातल्या त्या जिवाशी दिवसभर काहीबाही बोलत राहायची. त्याला बोललेलं कळतं असं तिचं मुळीच म्हणणं नव्हतं. कुणीतरी ऐकतं आहे, एवढंच तिला पुरे होतं.

माघात तिची आई भिवापूरला वारली. देवकी तेरवीपर्यंत तिथेच होती. घरात माणसांची रीघ, अंगणात मिरच्यांचं वाळवण, आणि त्या मिरच्यांच्या ठसक्यानं येणाऱ्याजाणाऱ्याचे डोळे तसेही भरून यायचे. त्यामुळे देवकीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, हे फक्त सखूबाईमावशीच्या ध्यानात आलं.

"रडून घे वं बाई," पाठीवरून हात फिरवत मावशी म्हणाली. "असं कोरडं नाही जावं मानसानं घरी."

देवकीनं मान हलवली. रडू मात्र आलं नाही. ती तशीच घरी आली.

आल्याआल्या ती पिंजऱ्यापाशी गेली. इतके दिवस हेमराजच्या हातून खाणारा भोंग्या आता आनंदानं घर डोक्यावर घेईल, असं तिला वाटलं होतं. पण तिची सावली जाळीवर पडली मात्र, तो तोंडातला घास तसाच ठेवून जागच्या जागी थिजला, आणि मग हळूहळू मागे सरकत लाकडी खोपटात शिरला.

"रुसला असंन," हेमराज म्हणाला. "सोडून गेली न तू त्याले."

देवकीलाही ते पटलं. मुकं जनावर झालं तरी त्याला राग येणारच. चार दिवसांत विसरेल म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. पण चार दिवस गेले, आठवडा गेला, आणि भोंग्याचं वागणं होतं तसंच राहिलं. हेमराज आला की तो नेहमीसारखा शिट्ट्या मारी, जाळीला पाय लावून उभा राही. देवकीनं हात पुढे केला की खोपटाच्या अंधारातून दातांचा बारीक कटकट आवाज येई. तिनं साबण बदलून पाहिला, आईच्या घरून आणलेली लुगडी कपाटातून काढून गच्चीवर उन्हात टाकली, मशीन दुसऱ्या भिंतीला हलवली. शेवटी त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी दात पाहिले, पोट चाचपलं, वजन केलं. "काहीच दुखत नाहीये याला," त्या म्हणाल्या. "हे प्राणी फार भित्रे असतात. ओळखीचा वास, ओळखीचा आवाज, तेवढ्यावर जगतात. घरात कुणी नवीन राहायला आलंय का?"

"नाही," देवकी म्हणाली. "आम्ही दोघंच आहो."

"मग थोडं बोलत राहा त्याच्याशी. तुमचा आवाज ऐकला की येईल."

घरी येताना ऑटोत टोपली मांडीवर धरून बसलेल्या देवकीच्या लक्षात आलं, की भिवापूरहून आल्यापासून आपण त्याच्याशी एक शब्दही बोललेलो नाही. ती पुष्कळ वेळ आठवत राहिली, पण पूर्वी आपण त्याच्याशी नेमकं काय बोलायचो, ते काही केल्या तिला सुचेना.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी तिच्या नजरेत येऊ लागल्या. प्रयागबाईंचे ब्लाऊज ती कितीतरी वर्षं माप न घेता शिवत आली होती. यंदाच्या ब्लाऊजची बाही घट्ट झाली. प्रयागबाई रागावल्या नाहीत. बाही उलटीसुलटी करून त्यांनी टाके पाहिले आणि नवलानं एवढंच म्हणाल्या, "हात बदलला वं तुझा." तिनं केलेल्या चहाचा घोट घेताना हेमराज क्षणभर थांबे, कपात पाही आणि मग तो संपवी. मयुरीनं फोनवर मध्येच विचारलं, "आई, तुझा आवाज असा काहून येऊन राहिला? रेंज नाही काय?" रेंज चांगली होती.

भोंग्याबद्दल ऐकल्यावर मयुरीनं एक जुना व्हिडिओ पाठवला. "हा लाव त्याच्यासमोर. मागच्या दिवाळीचा आहे."

देवकीनं सांभाराची जुडी हातात घेतली, पिंजऱ्यासमोर बसली आणि व्हिडिओ लावला. पडद्यावर हेच घर होतं, हाच पिंजरा, आणि निळ्या साडीतली देवकी वाकून म्हणत होती, "काय गा भोंग्या, भूक लागली काय तुले? थांब न गा, देऊन राहिली न मी." मग ती कशाला तरी खळखळून हसली.

खोपट हललं. भोंग्या बाणासारखा बाहेर आला, जाळीला नाक लावून फोनकडे पाहत शिट्ट्यांवर शिट्ट्या मारू लागला. एवढा आनंद तिनं त्याच्यात महिनाभर पाहिला नव्हता. तिचे डोळे भरून येतील असं तिला वाटलं, पण आले नाहीत. तिनं सांभाराची काडी पुढे केली. त्याच क्षणी व्हिडिओ संपला. भोंग्यानं काडीकडे पाहिलं, काडी धरलेल्या बोटांकडे पाहिलं, मग नजर वर नेत तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि तो मागे सरकू लागला.

त्या दिवसापासून देवकी तो व्हिडिओ रोज पाहू लागली. हेमराज दुकानी गेला की मशीनवर कापड तसंच टाकून ती फोन घेऊन बसे. निळ्या साडीतली ती बाई कशी वाकते, 'गा' म्हणताना सूर कसा लांबवते, हे ती मन लावून बघे आणि मग हलक्या आवाजात तसंच म्हणून पाही. शब्द जमत. सूरही जवळपास जमे. हसणं तेवढं जमत नव्हतं, कारण ती बाई कशाला हसली होती, हेच देवकीला आठवत नव्हतं.

एकदा हेमराज दुपारचा जेवायला आला आणि दारातच उभा राहिला. "कोनाशी बोलून राहिली वं?"

"भोंग्याशी."

त्यानं पिंजऱ्याकडे पाहिलं. भोंग्या खोपटात होता. हेमराज तिच्याजवळ येऊन बसला, तिचा हात हातात घेतला आणि आजारी माणसाला विचारावं तसं म्हणाला, "चालली जातं काय भिवापूरले काही दिवस? मावशी आहे तिथं. बरं वाटंन तुले."

"मले काही झालं नाही," ती म्हणाली. त्यानं मान डोलावली, पण धरलेल्या हाताकडे तो बघत राहिला, जणू त्या हाताचं वजन करत होता.

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी उसवून नीट केलेला ब्लाऊज द्यायला ती प्रयागबाईंकडे गेली. हेमराज घरीच होता. बाही बरोबर बसली. प्रयागबाईंनी तिला चहाला बसवलं, आईची आठवण काढली, आणि बोलता बोलता देवकीला हलकं वाटू लागलं. वाटेत तिनं ताजा सांभार घेतला. आज आपण मुद्दाम काही करायचं नाही, नुसतं जवळ बसायचं, असं ठरवत ती जिना चढली, दाराबाहेर चपला काढल्या आणि बेलकडे हात नेला.

आत भोंग्या ओरडत होता. तीच ती जुनी, आनंदानं फुटणारी शिट्टी, एकामागून एक, थांबायचं नाव नाही.

मग हेमराजचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी मोकळा झालेला.

"पाह्य," तो कुणाला तरी म्हणत होता, "ओळखलं न त्यानं तुले."

त्यावर आत एक बाई खळखळून हसली, अगदी व्हिडिओतलं, देवकीला न जमणारं हसणं. देवकीनं बेलकडे नेलेला हात खाली घेतला. मग चुकून दुसऱ्याच्याच दाराशी आलेलं माणूस सरकवतं तशा, आवाज न करता, तिनं चपला पुन्हा पायांत सरकवल्या.