बाळाआधीचं दूध

चश्मेवाल्याच्या बायकोनं बॅगेची चेन उघडली आणि रांगेतल्या मागच्या माणसांनी माना उंच केल्या. दुसऱ्याच्या बॅगेत डोकवायला मिळालं, तर लोक स्वतःचं विमानसुद्धा विसरतात. आत दुधाच्या बाटल्या होत्या. पातळ, तयार, सीलबंद दूध. शिवाय निपल लावलेल्या रिकाम्या बाटल्या, त्या धुवायचा ब्रश आणि कधी न वापरलेली लाळेरी.

तपासणीवरच्या बाईनं एक बाटली उचलून उजेडाकडे धरली. मग तिनं टेबलाच्या आसपास बघितलं, खाली वाकूनही बघितलं.

"बाळ कुठंय?"

चश्मेवाल्यानं बायकोकडे पाहिलं. बायको बाटलीकडे पाहत राहिली.

"तिकडं आहे," शेवटी तोच म्हणाला. "आम्ही तिला आणायला चाललोय. दत्तक."

"म्हणजे आत्ता बाळ सोबत नाही?"

"जाताना नाही. येताना असेल."

"मग दूधही येतानाच न्या," बाई म्हणाली. ती वाईट नव्हती. उभं राहून राहून तिचे पाय दुखत होते आणि टेबलाआड तिनं एक बूट काढून ठेवला होता. "बाळ असेल तर हवं तेवढं न्या, कुणी अडवणार नाही. बाळ नसेल तर एवढं पातळ आत सोडता येत नाही. बाहेर जाऊन सामानात टाका, नाहीतर इथं ठेवा."

'इथं' म्हणजे तिच्या पायाशी असलेला मोठा प्लास्टिकचा डबा. त्यात कुणाचा शाम्पू, कुणाचं सरबत, कुणाचं केसांचं तेल पडलेलं होतं.

आता एवढं दूध बाळाआधीच घेऊन निघायचं कारण काय, असं कुणीही विचारेल. चश्मेवाल्याच्या ताईनं फोनवर विचारलंच होतं. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! आधी मूल हातात येऊ दे, मग बाटल्या घे," असं ती म्हणाली होती. पण संस्थेतल्या सिस्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की, पोरीला हेच एक दूध मानवतं. दुसरं कुठलंही दिलं की सगळं बाहेर येतं. त्यांच्याकडचा साठा संपत आलाय आणि त्या गावात ते मिळत नाही. तेव्हा येताना घेऊन या. बायकोनं दोन दिवस दुकानं पालथी घातली होती.

आणि हे सगळं हातातल्या बॅगेत का? तर ती अक्कल चश्मेवाल्याची. मागच्या वर्षी ते असेच एका मुलाला आणायला गेले होते. मूल हातात यायच्या आदल्या दिवशी त्याच्या आईनं विचार बदलला. तिच्या जागी आपण असतो तर आपणही बदलला असता, हे दोघांनाही कळत होतं, त्यामुळे रागवायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. परत आल्यावर दुपट्यांनी भरलेली बॅग विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यावरून समोर आली आणि बायकोनं ती उचलली नाही. चश्मेवाल्यानंही नाही. बॅग फिरत राहिली आणि दोघं बघत राहिले. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. या खेपेला पट्टा नको, जे काय असेल ते खांद्यावर, असं त्यानं निक्षून सांगितलं होतं. नियम वाचायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं. चश्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस!

"टाका," बायको म्हणाली.

"काय?"

"टाका म्हणतेय ना. आधी तिथवर पोचू. पोरगी देतात की नाही ते बघू." तिच्या आवाजात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. गेली कित्येक वर्षं हीच बाई दवाखान्यांतून, मुलाखतींतून, घर बघायला आलेल्यांच्या प्रश्नांतून त्याला ओढत नेत होती. तो दमायचा, ती नाही. आणि आज तिनं स्वतःच पहिली बाटली उचलून त्या डब्यावर धरली.

चश्मेवाला घाबरला. देवाधर्माच्या, शकुनाच्या वाटेला तो कधी गेला नव्हता. पण ही बाटली खाली गेली तर आपली बायको परत कधी काही विकत आणणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्यानं तिचा हात धरला, बाटली बॅगेत टाकली आणि चेन ओढली.

"मी सामानात देऊन येतो."

"विमान जाईल."

"जाऊ दे. दुसरं असेल."

तो उलट्या दिशेनं निघाला. रांगेतल्यांच्या शिव्या खात, लोकांच्या पायावर पाय देत तो बाहेर पोचला, तेव्हा खिडकीवरचा पोरगा संगणक बंद करत होता.

"काका, बॅगा घेणं बंद झालं."

"एकच आहे."

"नाही होणार. हातात न्या ना."

"हातात नेऊ देत नाहीत, म्हणून तर आलो!" चश्मेवाल्याला धाप लागली होती. त्यानं बॅग उचलून थेट वजनकाट्यावर ठेवली. "माझ्या मुलीचं दूध आहे यात. चार महिन्यांची आहे. दुसरं प्यायली की ओकते. आज नाही पोचलं तर काय पाजू तिला?"

पोरानं त्याच्याकडे बघितलं. कुठल्याही बापाकडे बघावं तसंच बघितलं. मग फोन उचलून कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलला आणि बॅगेला चिठ्ठी लावली. बॅग रबरी पडद्याआड गेली. चश्मेवाल्याचे डोळे भरून आले आणि त्याची त्याला लाजही वाटली.

तो परत आला तेव्हा बायको पुढे गेलीच नव्हती. तपासणीच्या टेबलाशी, चपला हातात घेऊन, तशीच उभी होती.

"घेतली?"

"घेत नव्हते."

"मग काय सांगितलंत?"

"माझ्या मुलीचं दूध आहे म्हणालो."

तिनं चपला खाली टाकल्या, त्यांत पाय सरकवले, पदरानं तोंड पुसलं.

"मग उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "चला लवकर. भूक लागली असेल तिला."