टाकीच्या मागं, तिसरं घर

जर्मन माणूस घराला नंबर देतो हे ठीकच आहे, पण तो रानातल्या बाकाला देतो, विजेच्या खांबाला देतो, कचऱ्याच्या डब्यालाही देतो. इंगोलश्टाटला कौमुदी आणि तिचा नवरा सिद्धांत भाड्याने राहायला आले, तेव्हा त्यांच्या गॅरेजलासुद्धा स्वतंत्र नंबर होता. कौमुदीने हे बाबांना फोनवर सांगितलं तर ते खो खो हसले होते.

"म्हणजे तुमच्याकडं कुणी कुणाला विचारतच नाही की काय? अगं, बार्शीत येऊन कुणालाही विचार, कंट्रोलर कुठं राहतात म्हणून. शेंबडं पोरगंसुद्धा हाताला धरून घरी आणून सोडेल."

नागेशराव एसटीत कंट्रोलर होते. उभं आयुष्य त्यांनी स्टँडवरच्या कर्ण्यावर गाड्या पुकारण्यात घालवलं. गावातल्या जुन्या पेठेत होते तोवर त्यांचं म्हणणं खरंही होतं. पण निवृत्तीनंतर त्यांनी गावाबाहेर, नव्या प्लॉटांमध्ये घर बांधलं. त्याचा पत्ता असा होता: साईनगर, पाण्याच्या टाकीच्या मागं, तिसरं घर. कुरिअरवाला दर वेळी फोन करायचा आणि बाबा दर वेळी रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. कौमुदीने ते घर एकदाच पाहिलं होतं, वास्तुशांतीला. त्यानंतर वर्षाच्या आत आई गेली. तेव्हा विमानाचं तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि दिवस केले ते जुन्या पेठेत, काकांकडे. आता बाबा त्या घरात एकटेच होते.

म्हणून रोज सकाळी म्युनिकची गाडी पकडली की कौमुदी त्यांना फोन लावायची. तिची सकाळ असायची, त्यांचा जेवणाआधीचा दुसरा चहा. बाबा फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचे आणि मग स्टँडवर बोलल्यासारखे मोठ्यानं बोलायचे.

त्या नोव्हेंबरातल्या सकाळी ते भोपळ्याच्या वेलाबद्दल सांगत होते. वेल शेजारच्या मोकळ्या प्लॉटात गेला होता आणि तिथले भोपळे कुणाचे, असा त्यांचा प्रश्न होता. मध्येच ते थांबले.

"कौमे, जरा... थांब हं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड पडलं. मग एक कण्हणं ऐकू आलं, जे बाबांचं होतं आणि तरीही बाबांचं वाटत नव्हतं.

"बाबा? अहो बाबा!"

फक्त छतावरच्या पंख्याची कुरकुर. तिने पुन्हा हाक मारली, एवढ्या मोठ्यानं की समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी मान वर केली आणि खिडकीवरच्या चिन्हाकडे बोट दाखवलं. ओठांवर बोट ठेवलेला चेहरा. तो शांततेचा डबा होता.

कौमुदीला एवढंच कळत होतं की हा फोन ठेवायचा नाही. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती तोवर ती त्या घरात होती. तिने कंपनीचा फोन पिशवीतून काढला. खासगी कामाला वापरायचा नाही अशी सक्त ताकीद असलेला. १०८ लावून पाहिला. जर्मनीतून तो नंबर कसा लागणार? कुठल्याशा जर्मन बाईचा ध्वनिमुद्रित आवाज नम्रपणे सांगू लागला की हा क्रमांक अस्तित्वात नाही. मग तिने शाळेतल्या मैत्रिणीला, ऊर्मिलाला लावला. ती गावात, मुलींच्या शाळेत शिकवत होती.

"ऊर्मे, बाबा पडलेत. बोलत नाहीयेत. अँब्युलन्स पाठव, काहीही कर!"

ऊर्मिला गोंधळली नाही. तिने एका खासगी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा नंबर सांगितला. "मल्हार म्हणून आहे, चांगला आहे. मीही निघते. पण कौमुदी, नवं घर मी पाहिलेलं नाही गं. तू त्याला वाट सांग."

नंबर कौमुदीने तळहातावर लिहिला. घाईत लिहिलेला शेवटचा आकडा सात आहे की एक, हे तिचं तिलाच कळेना.

मल्हारने पहिल्या रिंगला फोन उचलला. "निघालोच ताई. लोकेशन टाका."

तिने टाकलं. आपल्या फोनवर, ज्यावर बाबांचा कॉल चालूच होता, बोट फिरवून 'होम' निवडलं आणि पाठवून दिलं. थोड्या वेळाने मल्हारचा गोंधळलेला आवाज आला. "ताई, ह्ये कुठलं? जर्मनी दाखवतंय. रस्ता सापडत न्हाई म्हणतंय."

होम म्हणजे इंगोलश्टाट. तिनेच कधीतरी बदललं होतं, गॅरेजच्या नंबरासकट. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिने घाईघाईने नकाशा उघडून बार्शी शोधली, साईनगर शोधलं. उपग्रहाचा फोटो जुना होता. बाबांचं घर त्यात नव्हतंच. तिथं ज्वारी उभी होती.

"मल्हारदादा, साईनगर. पाण्याच्या टाकीच्या मागं, तिसरं घर."

"कुठली टाकी? हितं दोन हायत."

"पांढरी!"

"दोन्ही निळ्या हायत ताई. औंदा रंगवल्या."

"समोर कडुलिंब आहे मोठा."

"बायपासला सगळी झाडं गेली की हो." त्याने गाडी थांबवून कुणाला तरी विचारल्याचं तिला ऐकू आलं: कंट्रोलर कुठं राहतात? आणि टपरीवरच्या माणसाचं खात्रीशीर उत्तरही ऐकू आलं: "कंट्रोलर व्हय? ते जुन्या पेठेत. हिकडं कुठं आलाव तुम्ही?"

"नाही!" कौमुदी ओरडली. "पेठेत जाऊ नका! ते घर सोडलं!"

आता सगळा डबा तिच्याकडे पाहत होता. म्हाताऱ्या बाई उठून तिच्याजवळ आल्या. "इथे शांत बसायचं असतं," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. कौमुदीने वर पाहिलं. "माझे वडील," एवढंच ती जर्मनमध्ये म्हणू शकली, "माझे वडील मरतायत." तो शब्द तिने मराठीत उच्चारला नसता. बाई तिच्याकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "प्फाफेनहोफेनच्या पुढे फुंकलॉख आहे. तिथे फोन तुटतो. तुम्ही उतरा."

फुंकलॉख, नेटवर्कचं भोक. कौमुदीला ते रोज लागायचं. रोज तिथंच बाबांचं वाक्य अर्धवट राहायचं आणि पलीकडे गेल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आज तिथं फोन तुटला, तर परत लावल्यावर उचलणार कोण? प्फाफेनहोफेनचं स्टेशन आलं आणि दार उघडताच तिने प्लॅटफॉर्मवर उडी मारली. पिशवी गाडीतच राहिली होती. बाईंनी ती मागून तिच्या हातात दिली आणि त्याही खाली उतरल्या. गाडी निघून गेली.

प्लॅटफॉर्मवर धुकं होतं. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. एका कानात बाबांच्या घरातला पंखा, दुसऱ्या कानात मल्हारचं इंजिन. आणि तेवढ्यात तिला पंखा वाजत होता त्या कानात, फार लांबून, अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. मग तो थांबला.

"भोंगा बंद केला का तुम्ही?"

"व्हय. मोकळा रस्ता हाय, उगं कशाला..."

"लावा! लावा आणि बंद करू नका. मला बाबांच्या फोनमधून तुमचा भोंगा ऐकू येतोय!"

मल्हारला समजलं. "सांगा मग," तो म्हणाला, आणि तिच्या डाव्या कानात भोंगा केवढ्याने तरी वाजला. उजव्या कानात तो जरा उशिराने आला, मच्छर गुणगुणावा तसा बारीक.

जिवाचे कान करून ऐकणं म्हणजे काय, ते कौमुदीला त्या दिवशी कळलं. डावा कान खोटा होता. तिथं भोंगा सारखाच वाजत होता. खरा होता तो उजवा. "सरळ जा. वाढतोय. वाढतोय. आता कमी झाला. कमी झाला, मागं फिरा!" तोवर गाडी बरीच पुढे गेलेली असायची, कारण आवाज इथवर पोचायला वेळ लागायचा. दुसऱ्यांदा चुकल्यावर तिच्या लक्षात आलं. "दादा, प्रत्येक वळणावर थांबा. मी सांगितल्याशिवाय पुढं जाऊ नका." थांबायला सांगताना तिचा जीव तुटत होता. अँब्युलन्सला थांब म्हणणारी आपणच, हे तिला पुढे कित्येक रात्री आठवत राहिलं.

"डावीकडं वळलो."

"कमी. उजवीकडं घ्या."

आणि मालगाडी आली. दुसऱ्या रुळावरून, न थांबणारी, संपतासंपेना अशी. नव्या मोटारी लादलेले डबे धडधडत जात होते आणि कौमुदीला काही म्हणजे काही ऐकू येईना. ती प्लॅटफॉर्मवर खाली बसली, डोकं गुडघ्यांत घालून, फोन कानात खुपसून. बाईंनी आपला जाड लोकरी कोट काढला आणि तिच्या डोक्यावरून टाकला. आतला अंधार कापराच्या वासाचा होता. त्या अंधारात भोंगा पुन्हा सापडला, आणि तो मोठा होता. चांगलाच मोठा होता.

"तिथंच! दादा, तिथंच कुठंतरी!"

"फुडं रस्ता खणलाय. गाडी जायची न्हाई. पाच-सहा घरं दिसत्यात, सगळी सारखीच. दारं बंद हायत."

"मग उतरा. पळा. आणि हाका मारा."

"काय म्हणून मारू?"

"कंट्रोलरकाका म्हणा!"

भोंगा थांबला. डाव्या कानात पळणाऱ्या माणसाचा श्वास आणि हाका. "कंट्रोलरकाका! ओ कंट्रोलरकाका!" उजव्या कानात पंखा. फक्त पंखा. पुन्हा हाक. पंखा. कौमुदी स्वामींना, कुलदेवीला, आईला, आठवेल त्याला विनवत होती. मग उजव्या कानात, अगदी बारीक, त्याच हाकेचा शेवटचा तुकडा आला. "...रकाका!"

"जवळ आहात! पुढं! दार नुसतं लोटलेलं असेल, कडी ते कधी लावत नाहीत!" यावरून ती त्यांना केवढी रागवायची. चोरांना आवतण देता का, म्हणायची.

आणि मग एकच आवाज दोन्ही कानांत आला, एक आधी आणि एक मागाहून. "सापडलं! ताई, सापडलं!" सापडलं, ताई, सापडलं.

पुढचं तिला नीट ऐकू आलं नाही. धावपळ, स्ट्रेचरचं लोखंड, कुणीतरी "धर, धर" म्हणालं. शेवटी कुणीतरी टेबलावरचा फोन उचलला.

"ताई, काका हायत," मल्हार म्हणाला. "श्वास हाय. निघतो आमी."

पंख्याची कुरकुर तुटली. कौमुदी कोटाखाली बसून रडली, आणि बाई शेजारच्या बाकावर, थंडीत नुसत्या स्वेटरवर, काही न विचारता बसून राहिल्या.

सोलापूरला नेऊन नागेशरावांच्या हृदयातल्या नळीत जाळी बसवली. कौमुदी पोचेपर्यंत ते धोक्याबाहेर आले होते. खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेले ते तिला एकदम छोटे दिसले. ती आठ दिवस राहिली. जाताना तिने त्यांच्या फोनमध्ये घराची खूण पक्की करून दिली, दारावर मोठा नंबर रंगवून घेतला. नंबर कुठला द्यायचा हेच ठरेना, कारण त्या रांगेत कुणालाच नव्हता. शेवटी बाबाच म्हणाले, एक टाक.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी, म्युनिकच्या गाडीतून तिने फोन लावला. शांततेच्या डब्यात ती आता बसत नव्हती. बाबांचा आवाज अजून खोल गेलेला होता, पण बोलायची हौस परतली होती.

"तुला एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "त्या दिवशी मी जमिनीवर पडलो होतो ना, तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं बरं का. तुझं बोलणं नीट कळत नव्हतं, पण तो भोंगा. लांबून यायचा, जवळ यायचा, परत लांब जायचा. मला वाटलं, गावात कुणाला तरी न्यायला आलीय गाडी आणि त्यांना घर सापडत नाहीये."

"बाबा..."

"वाईट वाटलं गं. कुणाच्या घरी काय वेळ आली असेल म्हटलं. हात काही उचलेना, म्हणून मनातच देवाला नमस्कार केला. म्हटलं, माझं राहू दे, पण त्या बिचाऱ्याचं घर त्यांना सापडू दे."

कौमुदीने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. बाहेर प्फाफेनहोफेनचं स्टेशन मागे पडत होतं.

"हॅलो?" बाबा म्हणाले. "कौमे? गेलीस का? माझा आवाज येतोय का?"

"येतोय, बाबा," ती म्हणाली. "बोलत राहा."