मागच्या टायरवरचा काप

रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या घराच्या अंगणात मालविका आणि तिचा नवरा ओजस आपापल्या डर्ट बाईकपाशी उकिडवे बसले होते. पुढच्या आठवड्यात कच्छच्या छोट्या रणात जायचं, तिथे तंबू ठोकून राहायचं, असं ठरलं होतं. तंबू, पाण्याचे कॅन, पंक्चरचं सामान सगळं पायरीवर काढून ठेवलं होतं. तपासायचे राहिले होते ते टायर. दोन्ही गाड्या जुन्या घेतलेल्या, टायरही त्यांच्याच वयाचे.

"नक्षी अजून छान आहे," ओजस म्हणाला. "ही ट्रिप आरामात निघेल."

"नक्षीचं काय घेऊन बसलास, रबर बघ किती तडकलंय." मालविका आपल्या गाडीचं मागचं चाक हळूहळू फिरवत टायरच्या कडेवरून अंगठा नेत होती. बारीक, वाकडेतिकडे तडे सगळीकडेच होते. एका जागी मात्र अंगठा अडला. तिथली चीर सरळ होती, पट्टी धरून ओढल्यासारखी, आणि इतकी खोल की आतले धागे दिसत होते.

"ओजस, हा तडा नाही. कुणीतरी कापलंय."

तो हसत वाकला आणि हसायचा थांबला. फाटकाला आतून कुलूप असायचं. घरात माणसं तीनच.

ओजसची आई सुहासिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला. "मी कापलं," ती म्हणाली. "पार्सल उघडायच्या कटरने."

मालविकाला शब्द ऐकू आले, पण अर्थ लागेना. याच बाईने कालच तिला वाटेत खायला शंकरपाळे तळून दिले होते.

"माझाच का?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"त्याला सांगून तो ऐकत नाही. गेल्या वर्षी करजणजवळ रस्त्यावर पडलेला बघितलाय मी त्याला, मांडीत अजून रॉड आहे. तुझी गाडी बसली की तू जाणार नाहीस, आणि तुझ्याशिवाय तो जाणार नाही. एवढंच होतं माझ्या मनात."

"पण गाडी बसलीच नाही, आई. हवा जशीच्या तशी आहे. मी आज हात लावला नसता तर हायवेवर भर वेगात फुटला असता हा. मागून ट्रक येत असतात."

सुहासिनी चाकाकडे बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं हवा जाईल," ती पुटपुटली. "गेली नाही, तेव्हा म्हटलं, नीट लागलंच नसेल." ती मटकन पायरीवर, त्या सामानातच बसली.

ओजस आत निघून गेला. मालविकाला ओरडायचं होतं. पण तीही सासूशेजारीच टेकली. चहा तसाच निवत गेला.

कितीतरी दिवस ओजस आईशी बोलला नाही. दोन्ही गाड्यांना नवे टायर बसले. सहल लांबली, रद्द मात्र झाली नाही. निघायच्या दिवशी सुहासिनी खोलीबाहेर आली नाही, म्हणून मालविकाच आत गेली.

"तुला काही झालं असतं तर, बेटा..."

"मला अजून राग आहे तुमचा," मालविका म्हणाली. "पोचल्यावर फोन करीन."

"राग असू दे," सुहासिनी म्हणाली. "फोन कर."