बाईजाची करंगळी

पहिलं रडलं ते सुंदराचं पोर. बाईजा ओटीवर बसून वरई पाखडत होती. तिचा हात सुपावरच थांबला. आता जनाबाईचं, ती मनाशी म्हणाली, आणि जनाबाईच्या घरातून तसाच चिरका आवाज उठला. मग वरच्या आळीतली दोन, मग ओहोळापलीकडची. बघता बघता पाड्यातली सातही तान्ही रडायला लागली. श्रावणातलं स्वच्छ ऊन पडलं होतं, गुरं ओहोळावर पाण्याला उतरली होती. चार दिवस झाले, रोज हीच वेळ.

भुकेलं पोर रडतं, छातीशी धरलं की थांबतं. ही थांबत नव्हती. मुठी आवळून, पाय ताठ करून सगळी एकाच सुरात रडत, मध्येच जांभया देत, आणि पुन्हा तोच सूर लागे. पाड्यातली कुत्रीसुद्धा त्या वेळी उठून शेताकडे निघून जात.

बाईजालाही जांभई आली. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ती आत गेली. कुडाच्या फटीतून तिने पळसाच्या पानाची पुडी काढली, मोहरीएवढा काळा कण जिभेवर ठेवला आणि परत सुपाशी येऊन बसली.

सुंदरा पोराला खांद्यावर थोपटत अंगणातून चालली होती.

"आजी, उद्या कमळू भगत येतोय. तांदूळ बगनार हाय."

"आन् तांदूळ कोनाचं नाव सांगतील?"

"आजून कोनाचं सांगनार? बुधीचंच. आवनीच्या शेवटच्या दिशी माज्या पोराच्या गालाला हात लावला गो तिनं. पोटी काय नाय, मंग दुसऱ्याच्यावर डोला."

"तुज्या पोराचं नाक पुसलं तिनं. मी व्हते तितं."

"तू भोली हायस आजी," सुंदरा म्हणाली आणि पुढे गेली.

बुधी पाड्याच्या टोकाला एकटी राहायची. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडली, तेव्हापासून. भगताने भुताळी म्हणून नाव घेतलं की त्या बाईचं काय होतं, ते बाईजाने एकदा पाहिलं होतं. केस कापून, दगड मारत तिला जंगलाच्या तोंडाशी नेऊन सोडली होती. ती कुठे गेली, हे पुढे कोणी विचारलंही नाही.

त्या काळी मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या वाटेवरची बरीच खाचरं एका शेठची होती. मृगानंतर राबातली भाताची रोपं हाताला आली की साऱ्या बाया त्याच्या आवणीला, रोपं लावायला, जात. तान्ही पोरं बांधावरच्या गोठ्यात बाईजाकडे असत. आढ्याला सात झोळ्या ओळीने टांगलेल्या. बाहेर पत्र्यावर दगड पडावेत तसा पाऊस, आणि आत एकही पोर कुसकुसायचं नाही. भर दिवसा त्या गोठ्यात डोकावलं तर अंगावर काटा यायचा. पण आया म्हणत, बाईजाआजीच्या हाताला गुण हाय.

गुण हाताला नव्हता. पोर रडलं की बाई चिखलातून उठते, हातातली रोपांची मूठ अर्धी राहते. म्हणून आवणीच्या पहिल्या दिवशी शेठचा मुकादम दामू सुपारीएवढी अफू पानात बांधून बाईजाला आणून देई. ती पाण्यात उगाळून, करंगळीच्या टोकाला लावून बाईजा पोरांच्या तोंडात द्यायची. पोरं करंगळी चोखत आणि गप होत. पुढे पुढे ती जवळ आली की झोळीतून आपसूक तोंडं उघडायची.

रोज सकाळी मात्र प्रत्येक आईला ती न चुकता विचारी, "घरनं काय चाटवलंय का पोराला?" आयांना वाटे, म्हातारीला पोरांच्या पोटाची काळजी.

तिला काळजी होती ती तिच्या पोरामुळे, राघोमुळे. पंचवीस वर्षांपूर्वी तिने स्वतः आवणीला जाताना त्याला अफूची गोळी दिली. सासूला ते ठाऊक नव्हतं, दुपारी तिनेही दिली. संध्याकाळी बाईजाने झोळी सोडली तेव्हा वजन तेवढंच होतं, श्वास नव्हता. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेली त्याची गोळी तिने त्या रात्री आपण खाल्ली. त्यानंतर एक दिवस अफूवाचून गेला नव्हता. आवणी संपली की शेठकडून काही मिळत नसे. कुडातली ती पुडी तिला पौषात, म्हशाच्या जत्रेत नवी मिळेपर्यंत पुरवायची होती.

दुसऱ्या दिवशी तिने कण घेतला नाही. गुरं पाण्याला उतरली, पोरांनी सूर लावला, तेव्हा पुडी ओटीत खोचून ती निघाली. नाक गळत होतं.

सुंदराच्या अंगणात सारा पाडा जमला होता. कमळू भगत सुपातले तांदूळ जोडी जोडीने बाजूला सारत होता. बुधी एकीकडे उकिडवी बसली होती. कोणीतरी तिचं बोचकं आधीच बांधून तिच्या पायाशी आणून ठेवलं होतं.

"पोरींनो, वाट द्या," बाईजा म्हणाली. तिने जनाबाईच्या हातातलं पोर घेतलं. करंगळी ओली केली, पुडीतल्या काळ्या गोळ्यावर घासली आणि पोराच्या तोंडात दिली.

पोराने करंगळी चोखली. हळूहळू मुठी सैल झाल्या आणि ते गप झालं. बाकीची सहा रडतच होती.

"बगा," ती म्हणाली. "बुधीचा काय संबंद नाय. ही माज्या बोटाची सवय हाय."

तिने पुडी भगताच्या सुपात ठेवली. भगताने ती नाकाशी नेली. "अफू," तो पुटपुटला. मग कोणाकडे न बघता त्याने आपले तांदूळ फडक्यात गोळा केले.

"तू पाजलंस?" सुंदराचा आवाज फाटला होता. "आन् आमाला बोलली नाय?"

"तुमी इचारलं नाय. पोर रडत नाय म्हनून समद्या खूश व्हत्यात. शेठ खूश, दामू खूश. मीबी."

सुंदराने पोराचं तोंड पदराने पुसलं.

"आजी," जनाबाई हळूच म्हणाली, "थोडी थोडी दे ना. रोज उलीशी कमी कर. पोर तरी निजंल."

"मीबी तसंच म्हटलं व्हतं गो. पंचीस वर्सं झाली." बाईजाने पोर तिच्या कडेवर दिलं. "रडू द्या त्यांना. आट-धा दिस रडतील. उराशी धरून बसा, खाली ठेवू नका. मंग झोप लागंल ती त्यांची सोताची आसंल."

तिने पुडी उचलली आणि ओहोळाकडे चालू लागली. श्रावणाचं पाणी भरून वाहत होतं. काठावर ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मग तिने हात उघडला.

कोणी तिला शिव्या दिल्या नाहीत. तिच्याकडे कोणी आलंही नाही.

आया पोरांना उराशी धरून दिवस दिवस बसल्या. सहाव्या दिवशी सुंदराचं पोर थांबलं, मग वरच्या आळीतली दोन. सगळ्यांत शेवटी, नवव्या दिवशी, जनाबाईचं.

दहाव्या दिवशी गुरं पाण्याला उतरली. बायांनी हातातली कामं थांबवून कान दिला. कुठे काही नाही. सुंदरा हसणार, एवढ्यात आवाज आला. तोच सूर, तीच वर चढत जाणारी रड, मध्येच जांभईने तुटणारी. बाईजाच्या घरातून.

पुडी ओहोळात गेली त्या दिवसापासूनच तो होता. सातांच्या रडण्यात आठवा कोणाला ऐकू आला नव्हता.

बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. जागची कोणी उठली नाही.

बुधी उठली. सुंदराच्या अंगणातून घरी आल्यापासून तिने आपलं बोचकं सोडलेलं नव्हतं. ते तिने काखेत मारलं, वाटीत तांदळाची पेज घेतली आणि पाडा ओलांडून गेली.

बाईजा घोंगडीवर अंगाची जुडी करून पडली होती. मुठी आवळलेल्या होत्या. बुधीने बोचकं तिच्या डोक्याखाली सरकवलं. लोट्यातल्या पाण्याने आपली करंगळी नीट धुतली, पेजेत बुडवली आणि तिच्या बोळक्या तोंडात दिली.

हिरड्या करंगळीवर मिटल्या. बुधीने ती काढून घेतली नाही. दुसऱ्या हाताने ती बाईजाला थोपटत बसली.